छत्र, छत्री आणि सावली

सिंदखेडराजाला जिजाऊंचे जन्मस्थान पाहायला येणारी माणसे बहुधा लखुजीराजे जाधवांच्या समाधीकडेही वळतात. ही समाधी काही ठिकाणी 'छत्री' म्हणूनही नोंदली जाते. २०२४ साली या छत्रीच्या जतनाचे काम चालू असताना पुरातत्त्व खात्याच्या माणसांना जमिनीत काही दगड लागले. पुढे खोदत गेल्यावर एका मंदिराचा पाया निघाला आणि सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची सुंदर मूर्ती सापडली. वर्तमानपत्रांत बातमी आली ती 'लखुजीराव जाधवांच्या छत्रीजवळ' अशी. शाळकरी मुलांना हा शब्द वाचून नवल वाटले असेल, तर त्यात त्यांची चूक नाही. छत्री म्हणजे पावसाळ्यात शाळेत विसरून येण्याची वस्तू, एवढेच त्यांना ठाऊक असते. ती दगडाची कशी असेल?

पण छत्रीचा पावसाशी संबंध तसा अलीकडचा आहे. तिचे खरे नाते उन्हाशी, आणि उन्हापेक्षाही अधिक सत्तेशी. हजारो वर्षे छत्र हे राजाच्या डोक्यावर धरले जात होते. राजा मेल्यावर त्याच्या स्मारकाला छत्राचा आकार मिळाला, म्हणून ते स्मारकही छत्री झाले. पुढे राजाचे नसलेले स्मारकही छत्रीच म्हटले जाऊ लागले. सिंदखेडराजाची छत्री अशाच एका सरदाराची आहे. हा सरदार दुसऱ्याच्या छत्राखाली वाढला आणि त्याच छत्रासमोर मारला गेला. बुलढाणा जिल्ह्याच्या मातीत छत्राच्या अशा तीन गोष्टी आहेत. त्या एकत्र सांगितल्या जात नाहीत, म्हणून येथे सांगाव्याशा वाटतात.

आधी थोडे छत्राविषयी. प्राचीन इराणमधील पर्सेपोलिसच्या दगडी शिल्पांत सम्राटाच्या मागे सेवक छत्र धरून चालताना दिसतो. त्याच्याही आधी असिरियाच्या राजांवर छत्र होते. आपल्याकडे बौद्धांनी स्तूपाच्या माथ्यावर छत्र बसवले. बुलढाणा जिल्ह्यातून जाणाऱ्या अजिंठ्याच्याच डोंगररांगेत, शेजारच्या जिल्ह्यातील अजिंठ्याच्या एकोणिसाव्या लेण्यात, अखंड दगडातल्या स्तूपावर एकावर एक अशी तीन छत्रे कोरलेली आहेत. राजवाडा सोडून गेलेल्या माणसालाही अनुयायांनी अखेर छत्र दिलेच. आदर दाखवायचा तर डोक्यावर सावली धरायची, ही रीत माणसाच्या मनात इतकी खोल रुजलेली आहे.

इस्लामी दरबारांनीही छत्र घेतले. कैरोच्या फातिमी खलिफांच्या मिरवणुकीत 'मिजल्ला' असे. खलिफाच्या पोशाखाचा जो रंग, तोच त्या दिवशी मिजल्लाचा, आणि ते धरण्याचा मान बड्या अधिकाऱ्याचा. पुढे मिसरच्या ममलुक सुलतानांच्या छत्राच्या शेंड्यावर पक्ष्याची आकृती असे. इराणात आणि हिंदुस्थानात शब्द रूढ झाला तो 'चत्र'. हा संस्कृत 'छत्रा'चाच फारसी अवतार. दिल्लीच्या सुलतानांचे चत्र इब्न बतूताने पाहिले होते. ईदच्या दिवशी मुहम्मद तुघलकाच्या खास सोळा हत्तींवर रत्नजडित रेशमी छत्र्या उभारल्या जात, असे त्याने लिहून ठेवले आहे.

अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त बादशाही चिन्हांची यादी दिली आहे. सिंहासनानंतर त्यात चत्र येते, आणि त्यावर निदान सात रत्ने असत असे तो सांगतो. त्याच यादीत 'सायबान' आहे. लंबगोल आकाराचे, गजभर लांबीचे, लांब दांड्याचे हे साधन सेवक उन्हाच्या बाजूने धरून चाले. त्याचे दुसरे नाव 'आफताबगीर', म्हणजे सूर्याला अडवणारे. हा शब्द मराठीत आला, तेव्हा जिभेवर घोळून 'अब्दागीर' झाला. आज देवाच्या पालखीपुढे अब्दागिरी चालते, तेव्हा तिच्या नावात फारसी 'आफताब' आहे हे कोणाच्या ध्यानीमनी नसते. आणि मोहरममध्ये सवारीवर छत्र धरले जाते, तेव्हा त्या नावात संस्कृत 'छत्र' आहे याचीही कोणाला जाणीव नसते. एक शब्द इकडून तिकडे गेला, दुसरा तिकडून इकडे आला. भाषेला जकातनाके नसतात.

दरबारी कारभारात मात्र छत्र हा गंमतीचा विषय नव्हता. मध्ययुगात एखादा सरदार स्वतंत्र झाला की नाही हे तीन गोष्टींवरून ठरे. शुक्रवारच्या नमाजात खुत्बा कोणाच्या नावाने वाचला जातो? नाणे कोणाच्या नावाने पाडले जाते? आणि डोक्यावर चत्र आहे का? खुत्बा कानांनी ऐकायचा, सिक्का हातात घ्यायचा आणि चत्र डोळ्यांनी पाहायचे. अडाणी रयतेलाही हे तिसरे चिन्ह लांबूनच कळे. म्हणूनच त्याची राखण सर्वांत कडक होती. १३४७ साली अलाउद्दीन हसन बहमनशहाने दख्खनमध्ये नवे राज्य स्थापले, तेव्हा त्याने काळे छत्र घेतले. काळा हा अब्बासी खलिफांचा रंग. दिल्लीशी नाते तोडले, पण बगदादच्या आठवणीची सावली घेतली, असा त्याचा अर्थ.

या बहमनी राज्याचे तुकडे होऊ लागले तेव्हाची एक हकीकत मुहम्मद कासिम फरिश्ता या इतिहासकाराने सांगितली आहे. फरिश्ता निजामशाहीच्या चाकरीत होता, नंतर विजापूरला जाऊन त्याने आपला ग्रंथ लिहिला. तो सांगतो की १४९० साली मलिक अहमदने बहमनी फौजेचा पराभव केला, खुत्ब्यातून बहमनी सुलतानाचे नाव काढून आपले घातले आणि पांढरे छत्र धारण केले. हाच निजामशाहीचा संस्थापक आणि अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) शहर वसवणारा. पण त्याच्या बरोबरीच्या काही अमीरांना हे रुचले नाही. कालपर्यंत आपल्या शेजारी बसणारा माणूस आज छत्राखाली कसा? अहमदने खुत्ब्यात आपले नाव घेणे तूर्त थांबवले. छत्राबद्दल मात्र तो म्हणाला की, हे काही राजेपणासाठी नाही, ऊन लागते म्हणून आहे.

अमीर तयारच होते. ऊन तर सर्वांनाच लागते, मग सर्वांनाच छत्री वापरू द्या, असे त्यांनी सुचवले. अहमद आपल्याच शब्दात अडकला आणि त्याने परवानगी दिली. त्याने स्वतःच्या छत्रावर तेवढे लाल कापड लावले, म्हणजे ओळख राहील. इतरांची छत्री पांढरी. पुढे खुत्बाही त्याच्याच नावाने सुरू झाला आणि तो पूर्ण सुलतान झाला, पण दिलेली परवानगी परत घेतली गेली नाही. फरिश्ता म्हणतो की निजामशाहीतून ही रीत दख्खनच्या इतर राज्यांतही पसरली. उत्तर हिंदुस्थानात छत्र बादशहाचेच राहिले. दख्खनमध्ये मात्र सुलतान आणि सामान्य माणूस दोघेही छत्रीखाली चालू लागले.

ही गोष्ट वाचताना हसू येते, पण तिचे मोल मोठे आहे. केरळमध्ये एकोणिसाव्या शतकापर्यंत 'खालच्या' मानलेल्या जातींना छत्री उघडण्याची मनाई होती. लंडनसारख्या शहरात अठराव्या शतकात जोनास हॅनवे या गृहस्थाने छत्री घेऊन फिरायला सुरुवात केली, तेव्हा लोकांनी त्याची टिंगल केली. अशा जगात, पंधराव्या शतकाच्या अखेरीस, दख्खनच्या एका सुलतानाने आपल्या माणसांना छत्रीची मुभा दिली. ती उदारपणाने दिली नाही, युक्तिवादात हरल्यामुळे दिली. पण इतिहासात सामान्य माणसाला मिळालेल्या कितीतरी गोष्टी अशाच मोठ्यांच्या आपापसातल्या भांडणातून मिळालेल्या आहेत.

आता आपल्या जिल्ह्यातली पहिली गोष्ट. घाटाखाली, मोताळा तालुक्यात रोहिणखेड आहे. तेथील दगडी मशीद खुदावंदखान महदवीने १५८२ साली बांधली. आदल्याच वर्षी त्याने घाटावरच्या शकरखेड्यातही मशीद उभारली होती. दोन्ही मशिदी आज संरक्षित स्मारके आहेत. वऱ्हाड १५७४ साली निजामशाहीत आले होते. अहमदनगरात पुढे जमालखान या महदवी सरदाराचे वर्चस्व झाले. त्याने १५८९ मध्ये इस्माईल नावाच्या अल्पवयीन मुलाला गादीवर बसवले आणि कारभार स्वतःच्या हाती ठेवला. मुलाचा बाप, बुऱ्हाण, अकबराच्या आश्रयाला होता. त्याने खानदेशच्या राजा अलीखानाची मदत घेतली आणि १५९१ च्या मे महिन्यात रोहिणखेडजवळ दोन्ही फौजा भिडल्या. जमालखान मारला गेला. मुलगा पकडला गेला आणि बाप बुऱ्हाण निजामशहा म्हणून गादीवर बसला.

डोळ्यांसमोर आणून पाहा. घाटाखालचा मे महिना, डोक्यावर आग ओकणारा सूर्य, आणि एका छत्रासाठी बापाची फौज मुलाच्या नावाने लढणाऱ्या फौजेवर चालून जाते. मुलाच्या डोक्यावरचे छत्र त्याने मागितलेले नव्हते. ते दुसऱ्याने धरले होते आणि दांडा धरणाऱ्याचाच हुकूम चालत होता. छत्राचे एक सत्य येथे दिसते. सावली ज्याच्या डोक्यावर पडते तो राजा दिसतो, पण राज्य पुष्कळदा दांडा धरणाऱ्याचे असते.

दुसरी गोष्ट सिंदखेडराजाची. लखुजीराजे जाधव निजामशाहीतले मातब्बर मनसबदार. त्यांची कन्या जिजाऊ, जन्म १५९८. त्या काळाच्या रीतीप्रमाणे लखुजी कधी निजामशाहीत, कधी मोगलांकडे असे फिरले. २५ जुलै १६२९ रोजी ते मुलांसह आणि नातवासह दौलताबादच्या किल्ल्यात निजामशहाच्या मुजऱ्याला गेले. मुजऱ्याला शस्त्र नसते. तेथे भर दरबारात लखुजी, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांची कत्तल झाली. ज्या छत्राखाली येणाऱ्याला अभय असायला हवे, तेथेच हा दगा झाला. याला धर्माचा रंग देण्याचा मोह काहींना होतो. पण त्याच निजामशाहीने तोवर आपल्या मुसलमान वजिरांना आणि शहजाद्यांनाही असेच संपवले होते. संशयाने ग्रासलेली सत्ता दीन पाहत नाही, मान पाहते.

आणि पुढचे पाहा. लखुजींचे जावई शहाजीराजे. सासऱ्याला मारणाऱ्या त्या निजामशाहीचे तख्त मोगलांनी दौलताबादला बुडवले, तेव्हा निजामशाही वंशातल्या एका लहान मुलाला पेमगिरीच्या किल्ल्यावर गादीवर बसवून राज्य चालवण्याचा प्रयत्न शहाजीराजांनीच केला. १६३६ पर्यंत त्यांनी हे छत्र तोलून धरले. मोगल आणि आदिलशाही एकत्र आल्यावर ते खाली आले. दुसऱ्याच्या मुलावर छत्र धरणाऱ्या या पित्याच्या मुलाने ६ जून १६७४ रोजी रायगडावर स्वतःवर छत्र धरविले आणि 'छत्रपती' हे पद घेतले. जिजाऊंनी तो दिवस पाहिला आणि बाराच दिवसांत त्या गेल्या. बापाला छत्रासमोर मारलेले ऐकलेली मुलगी, पतीला परक्या छत्राचा दांडा धरताना पाहिलेली पत्नी आणि मुलाला छत्राखाली पाहिलेली आई. 'छत्रपती' या शब्दामागे असा एका बाईचा जन्म आहे, आणि तो सिंदखेडला सुरू झाला.

तिसरी गोष्ट त्याच तालुक्यातल्या साखरखेर्ड्याची. हेच जुने शकरखेडा. १७२४ च्या ऑक्टोबरात येथे निजाम-उल-मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान यांची लढाई झाली. निजाम दिल्लीची वजिरी सोडून दक्षिणेत आला होता. मुबारिजखानाला बादशहा मुहम्मदशहाचीच फूस होती. दोघेही मोगलांचे नोकर आणि दोघेही बादशहाचे नाव घेत लढले. बाजीराव पेशव्यांची मदत निजामाच्या बाजूला होती. मुबारिजखान पडला आणि शकरखेड्याचे नाव फतेहखेर्डा झाले. पण लोकांच्या जिभेने ते फार दिवस मानले नाही. फतह विसरली, साखर राहिली.

या लढाईने दक्षिणेत एक नवे राज्य जन्माला आले, ते १९४८ पर्यंत टिकले. पण ज्याने ते मिळवले त्याने तीन गोष्टी कधीच केल्या नाहीत. बादशाही लाल छत्र घेतले नाही, खुत्बा आपल्या नावाने वाचवला नाही आणि नाणेही आपल्या नावाने पाडले नाही. सैन्य त्याचे, महसूल त्याचा, नेमणुका त्याच्या. छत्र मात्र दिल्लीला. बादशहानेही हार गिळून पुढच्या वर्षी त्याला 'आसफजाह' किताब दिला. त्याच्या वारसांनी ही रीत पाळली. हैदराबादच्या नाण्यांवर मोगल बादशहाचे नाव १८५७ च्या उठावापर्यंत राहिले. दिल्लीत बादशहा उरला नाही, तेव्हाच ते उतरले.

नियतीने मग तोच डाव निजामावर उलटवला. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. १९०२ साली वर्षाला २५ लाख रुपयांवर ते कायमच्या पट्ट्याने घेतले गेले. बुलढाण्यात डेप्युटी कमिशनर इंग्रजांचा, कचेरी इंग्रजांची, पण कागदोपत्री मुलुख निजामाचा. १९३६ च्या करारात निजामाला 'हैदराबाद व बेरारचा निजाम' म्हटले गेले आणि त्याचा वारस 'प्रिन्स ऑफ बेरार' झाला. एकेकाळी निजामाने दिल्लीला नुसते छत्र ठेवून राज्य स्वतःकडे घेतले होते. आता इंग्रजांनी निजामाला नुसते छत्र ठेवून राज्य स्वतःकडे घेतले. वऱ्हाडी शेतकरी मात्र दोन्ही वेळा उन्हातच होता.

या तीन गोष्टी सांगण्याचे कारण आहे. मराठी मुसलमानाला इतिहासाच्या दरबारात वारंवार विचारले जाते, तू कोणाच्या छत्राखालचा? निजामशहाच्या की छत्रपतींच्या? जणू त्या काळी सारे मुसलमान एका छत्राखाली आणि सारे हिंदू दुसऱ्या छत्राखाली उभे होते. रोहिणखेडला दोन्हीकडे निजामशाहीचेच वारस होते. साखरखेर्ड्याला दोन्हीकडे मोगलांचेच सरदार होते. दौलताबादला ज्याने मारले त्याच्याच वंशाचे छत्र मारलेल्याच्या जावयाने पुढे सावरून धरले. आपले पूर्वज यांतल्या कोणाच्याही छत्राखाली नव्हते. ते विणकर होते, पिंजारी होते, बागवान होते, कुळे होती, फार तर शिपाई. त्यांना सावली होती ती निंबाची. म्हणून या प्रश्नाला आपण आपल्या भूतकाळातला एखादा सुलतान काढून उत्तर देऊ नये, आणि लाजेने मानही खाली घालू नये. सुलतानांचे छत्र आपले नव्हते. अमीरांच्या भांडणातून सुटून रयतेकडे आलेली ती पांढरी छत्री मात्र आपलीही आहे, शेजाऱ्याचीही आहे.

सुलतान स्वतःला 'जिल्ले इलाही' म्हणवत, म्हणजे ईश्वराची सावली. पण आपल्या परंपरेत सावलीविषयी दुसरेही काही सांगितले आहे, आणि ते दरबारी कवींनी फारसे सांगितले नाही. हिजरतच्या वेळी हजरत पैगंबर (स.) आणि हजरत अबू बकर मदीनेजवळ पोचले, तेव्हा स्वागताला आलेल्या अनेकांनी पैगंबरांना आधी पाहिलेले नव्हते. दोघांत पैगंबर कोणते हे त्यांना कळेना. काही जण अबू बकर यांनाच सलाम करू लागले. पोशाखात, बसण्यात काही भेदच नव्हता. पुढे ऊन पैगंबरांवर आले आणि अबू बकर यांनी उठून आपली चादर त्यांच्यावर धरली, तेव्हा लोकांनी ओळखले. बुखारीत ही हकीकत आहे. येथेही सावलीनेच ओळख पटली. पण ती रत्नांच्या छत्राची नव्हती, एका मित्राच्या अंगावरच्या वस्त्राची होती. दांडा धरणारा नोकर नव्हता, यार होता.

हजला जाणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. इहराममध्ये पुरुषाने डोके झाकायचे नसते, पण डोक्याला न टेकणारी छत्री चालते, असे बहुतेक सुन्नी फिकहकार मानतात. त्याचाही आधार पैगंबरांवर हजच्या वेळी साथीदाराने कापड धरून सावली केली हाच आहे. मिना-अरफातच्या उन्हात लाखो छत्र्या उघडतात. कोणती राजाची आणि कोणती बुलढाण्याच्या मास्तरांची, हे वरून पाहणाऱ्याला सांगता येणार नाही.

आणि कयामतच्या दिवशी, जेव्हा त्याच्या सावलीखेरीज दुसरी सावली नसेल, तेव्हा अल्लाह सात प्रकारच्या माणसांना ती देईल, अशी प्रसिद्ध हदीस आहे. त्या सातांत पहिला न्यायी राज्यकर्ता आहे. नुसता राज्यकर्ता नाही, न्यायी. बाकीचे सहा साधी माणसे आहेत. मशिदीत जीव गुंतलेला, उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू न देणारा, एकान्तात आठवणीने डोळे भरून येणारा. ज्यांनी आयुष्यभर इतरांच्या डोक्यावर छत्र धरले त्यांनाही तेथे जागा मिळू शकते. ज्यांच्या डोक्यावर ते धरले गेले त्यांना मात्र हिशेब द्यावा लागेल.

मृगाच्या तोंडावर आमच्याकडे एस.टी. स्टँडच्या कडेला छत्र्या दुरुस्त करणारे येऊन बसतात. पुढ्यात जुन्या काड्या, तारा, दांडे, काळ्या कापडाचे तुकडे. मोडलेली काडी बसवली जाते, फाटलेल्या जागी टाके पडतात, छत्री एकदा उघडून, मिटून गिऱ्हाइकाच्या हाती दिली जाते. गिऱ्हाईक कोणत्या जातीचे, कोणत्या मजहबचे हे तेथे कोणी विचारत नाही. विचारतात ते एवढेच की, कापड बदलायचे की नुसती काडी? सिंदखेडराजाची दगडी छत्री पाहून परतताना असा एखादा माणूस दिसला, तर क्षणभर थांबावे. छत्राचा सारा इतिहास चालत चालत शेवटी त्याच्या पुढ्यात येऊन बसला आहे.